तपकीरचा डावा पाय

७ जानेवारी

लंगडतेय! पुढचा डावा पाय. दुडकीवर घेतलं की तो टेकताना मान वर जाते. आंधळ्यालाही दिसेल. तीन तारखेला नाल मारली आणि आज सातला लंगडली — गणित सोपं आहे. खिळा खुराच्या आत जिवंत मांसाला लागलाय. घोडी तपकीर चौदा वर्षांची, त्यातली दहा माझ्याकडे. इतक्या वर्षांत साधा पाय मुरगळला नाही तिचा!

नालबंदाला फोन केला. "बघतो बाई," म्हणाला. बघतो म्हणे.

८ जानेवारी

आला. खूर मांडीवर घेऊन एकेका खिळ्यावर पकडीनं दाबून पाहिलं. तपकीर शेपटी हलवत उभी, जसा काही तिचा संबंधच नाही. मग दोरीनं फरशीवरून पळवली. सरळ पळाली, लबाड! मी बसले की लंगडते आणि त्याच्यापुढे शहाणी.

खिळा नाही, म्हणाला. मैदानाला उतार आहे का बघा. मी तोंडावर सुनावलं — नाचता येईना अंगण वाकडं. तर हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात? अठ्ठावीस वर्षं मुलांची गणितं तपासतेय. चूक कुठे असते ते मला लांबून कळतं.

११ जानेवारी

त्याला नाल काढायला लावली, पुन्हा बसवायला लावली. फरक शून्य.

त्यात भर, दाराशी कुणीतरी बादली ठेवलेली. पाय अडकून तोंडावर आपटता आपटता वाचले. या तबेल्यात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!

१९ जानेवारी

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. तपकीरचा पाय दुमडून मिनिटभर धरला, सोडला, लगेच पळवली. उजवीकडून गोल, डावीकडून गोल. खुराच्या वर बोटं ठेवून नाडी पाहिली. काही नाही. मग मी बसून दाखवलं — तेव्हा त्यांनाही दिसलं! पाठीवर वजन आलं की दुखत असेल, म्हणाल्या. पंधरा दिवस विश्रांती.

विश्रांती. ज्याला काही सुचत नाही त्याचं ठरलेलं औषध.

४ फेब्रुवारी

पंधरा दिवस संपले. वीस पावलं गेलो आणि पुन्हा तेच. रागानं उतरले. तडक तबेल्याच्या मालकाकडे गेले. हा नालबंद पुन्हा आत दिसता कामा नये, म्हटलं. मालकानं मान डोलावली. मग आणखी तीन घोडेवाल्यांना पकडून सगळं सांगितलं. त्यांनीही त्याला बोलावणं बंद केलं. बरं झालं.

नालबंद अवजारांची पेटी उचलून निघून गेला, ऐरण तिथेच. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

१३ फेब्रुवारी

आता खोगीर! डावा पाय रिकिबीतून सारखा निसटतो. खोगीरवाल्याला म्हटलं, रिकिबीचा डावा पट्टा लांब झालाय, म्हणून माझं वजन तिच्या एका खांद्यावर जातं. त्यानं दोन्ही पट्टे मोजले. सारखे. त्याच्या टेपवर माझा विश्वास नाही. शाळेतली माझी पट्टी आणली आणि स्वतः मोजले.

सारखे. म्हणजे रिकीबच झिजून गुळगुळीत झालीय. दुसरं काय असणार!

२२ फेब्रुवारी

घरातली नवी स्लिपर जिन्यात निसटली. दुकानात जाऊन दुकानदाराच्या तोंडावर फेकली. दुसरा जोड दिला मेल्यानं, पण कपाळाला आठ्या घालून.

२ मार्च

मालक आज ऑफिसात बोलवून गोड बोलत होता. आता ही कामाची राहिली नाही, बाई. जागा अडते. गाडीला जुंपायला घेणारा एक जण आहे, मंद चालली तरी त्याला चालेल. महिनाअखेर सांगा.

लंगड्या घोडीला गाडीला जुंपणार! मी खुर्ची मागे ढकलून उठले. बाहेर येऊन तिच्या मानेवर डोकं टेकून रडले, आणि ती माझा खिसा हुंगत होती. गाजर होतं त्यात. हिच्याशिवाय मला करमणार नाही. शाळा, घर, तपासायच्या वह्या — त्यात ही एकच गोष्ट माझी आहे. नाही देणार.

५ मार्च

बूटसुद्धा फाटायला आले. वर्ष नाही झालं घेऊन. हल्ली कुणी कशाचीच लाज बाळगत नाही.

९ मार्च

आजचं लिहू नये असं वाटतंय. पण लिहिते.

धाकटी बहीण आलीय चार दिवस. लहानपणी आम्ही दोघी एकाच तट्टावर बसायला शिकलो. तिला तबेल्यात नेलं — स्वतः बस आणि बघ, म्हटलं, म्हणजे मी उगाच ओरडत नाही हे तरी कळेल. ती बसली. चाल. दुडकी. उजवीकडे, डावीकडे. तपकीर पाण्यासारखी वाहत गेली. एक पाऊल चुकलं नाही!

"ताई, ही तर मस्त चाललीय," धाकटी घोडीवरूनच म्हणाली. मला इतका संताप आला! बहिणीचा नाही. घोडीचा. दहा वर्षं हिला खरारा केला, आणि नखरे फक्त माझ्याशी?

नालबंद कुंपणाशी उभा होता. आपली ऐरण न्यायला आला होता. मी तिकडे गेले — काय सांगायला ते आता आठवत नाही, चांगलं नक्कीच नव्हतं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या पायांकडे बघत होता. म्हणाला, "बाई, जरा बूट काढता का?"

का काढले कोण जाणे. त्यानं दोन्ही बूट उलटे केले, जुनी नाल बघतो तसे. अंगठा फिरवला. उजव्याची टाच झिजलेली. डाव्याची टाच जवळपास नवी, आणि चवडा घासून पार पातळ झालेला.

"हा पाय उचलला जात नाही. ओढला जातोय," म्हणाला. "तुम्ही उजवीकडे कलता आणि घोडी तुम्हाला सावरते."

बूट हिसकावून घेतले. मला काही झालेलं नाही, म्हटलं. नुसत्या मोज्यांनी ओल्या मातीतून गाडीपर्यंत चालत गेले. धाकटी मागून आली.

१० मार्च

सकाळी मोरीत भिंतीला धरून उभी राहिले. उजवा चवडा उचलून पाहिला. उचलला. डावा उचलून पाहिला.

नाही उचलला. चार वेळा.

११ मार्च

मालकाला फोन केला. नालबंदाला परत बोलवा. तपकीर कुठेही जाणार नाही, तिच्यावर दुसऱ्या कुणाला तरी बसवा आणि आधी नीट बघा. त्या तीन घोडेवाल्यांनाही फोन केले. कारण विचारलं तर म्हटलं, चूक माझी. नालबंदाला मात्र फोन नाही करता आला. त्याच्याकडे जायला हवं. अंगण सरळच होतं.

२४ मार्च

मोठ्या डॉक्टरांनी मला सरळ चालवलं. वळवलं. पाय दुमडून पाहिला, छोट्या हातोडीनं ठोकला. हातोडी टेबलावर ठेवली. मग विचारलं, कधीपासून? म्हटलं, सात जानेवारी. इतकी नक्की तारीख कुणी सांगत नाही, म्हणाले. मी म्हटलं, लिहून ठेवलीय. फक्त नाव चुकीचं लिहिलं — माझ्याऐवजी घोडीचं.