पाचवा पांडव

येरमाळा

प्रिय शिवकन्या,

तू पाठवलेलं रान-डोंगर विकायचं संमतीपत्र पोचलं. खडी क्रशरवाल्याचा माणूस दोनदा दारात येऊन गेला. तुमच्या बहिणीची सही झाली, आता तुमचीच राहिली, एवढंच त्याचं पालुपद. मी त्याला चहा पाजते आणि वाटेला लावते. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. लहानपणापासून लई हट्टी आहेस बघ.

तुझं म्हणणं खोटं नाही. डोंगराखालचं आपलं रान नासलं. मधोमध घळ पडली, दर पावसात माती वाहून गेली. आण्णा बांध घालून घालून थकले आणि शेवटी त्यांनी ते पडीक टाकलं. असलं रान आणि वरचा डोंगर ठेवून काय लोणचं घालायचं, असं तू म्हणालीस. मलाही तसंच वाटायचं.

उन्हाळ्यात धाराशिवहून श्रावस्ती नावाची पोरगी आली. जुनी लेणी, टाकी बघून वहीत टिपून घेते. आपल्या डोंगरातल्या लेण्यापाशी पाण्याचं टाकं आहे ना, त्याच्या काठाचा कमळ कोरलेला एक दगड कमी आहे म्हणाली. भाकरी खायला तिला लिंबाखाली बसवलं. तिथंच मार्गशीर्ष अवसेला, आपल्या येळवसेला, रानात पुजायचे पाच पांडवांचे चुना लावलेले दगड ठेवलेले. एकाचा चुना उन्हानं सुटला होता आणि आतून कमळाची पाकळी दिसत होती. ती बघतच राहिली. मी दगड लगेच ओळखला.

आठवतं का तुला? तू सात वर्षांची, मी अकराची. भीमाचा दगड माझ्या हातून पडून फुटला. आण्णा रागावतील म्हणून आपण दोघींनी टाक्याच्या काठचा सैल दगड पोत्यावर घालून ओढत खाली आणला आणि त्याला चुना फासला. पुढं दरवर्षी चुना चढत गेला. श्रावस्तीनं दाखवलं, त्या दगडामुळं टाक्यातलं जादा पाणी कातळातल्या पन्हळीनं विहिरीकडं वळायचं. तो निघाला तसं पाणी थेट रानात कोसळायला लागलं. आण्णा जन्मभर त्या डोंगराला दोष देत राहिले. मी दोन दिवस रडले गं.

मग श्रावस्तीनं रीतसर परवानगी काढली आणि आम्ही दगड जागेवर बसवला. यंदा पाणी पन्हळीनं विहिरीत उतरलं. घळीत दगडाच्या ताली घातल्या, गवत लावलं, आणि माती हलली नाही. कडेच्या तुकड्यात थोडी ज्वारी पेरली, ती पोटऱ्यात आलीय.

शुक्रवारी येळवस आहे. पूजेची कडब्याची कोप मी बांधून घेतलीय, आंबीलही घालते, पण भाज्या-शेंगांची भज्जी तुझ्याच हातची हवी. संमतीपत्र फाडलेलं नाही. आधी टाक्यावर जाऊ, विहिरीचं पाणी पी, मग सांग. तरीही विकू म्हणालीस तर तिथंच सही करते. पण आण्णांच्या फोटोपुढं तरी चूक कबूल करायची राहिलीय, आणि ती मला एकटीला करवत नाही. यंदा कोपीत पांडव चारच आहेत. भीमाची जागा मोकळी ठेवलीय. नवा दगड आपण दोघी मिळून ओढत आणू, या खेपेला ओढ्यातला.

वाट बघणारी तुझीच,
कडूआक्का