सरांनी सुरी खाली ठेवली

तीर्थरूप आईस,
लेकीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, म्हणजे बहुतेक दिवशी. तुझा गुडघा काय म्हणतो? दादा तुला जिने चढू देत नाही ना?

काल जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. आमच्या मोठ्या सरांच्या हाताला यश आहे, असं सगळं हॉस्पिटल म्हणतं. काल ते एका शाळामास्तरांच्या पोटाचं ऑपरेशन करणार होते. मी शेजारीच उभी होते. त्यांनी सुरी उचलली, बोटांकडे पाहिलं आणि परत ट्रेमध्ये ठेवली.

"आज माझा हात थरथरतोय," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "मॅडमना बोलवा."

मॅडम त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. त्यांनी तीन तास ऑपरेशन केलं आणि सर मागे उभे राहून त्या विचारतील तेवढंच सांगत राहिले.

बाहेर मास्तरांची बायको सरांचे हात धरून रडायला लागली. सर म्हणाले, "या हातांनी आज काही केलं नाही, बाई. तुमच्या यजमानांना यांनी वाचवलं," आणि त्यांनी मॅडमना पुढे केलं.

आई, ते ऐकून मला माझंच एक आठवलं. गेल्या आठवड्यात अंगात ताप असताना मी कुणाला न सांगता एका पेशंटला टाके घातले होते. तो बरा आहे. पण आज सकाळी मी सरांना ते सांगून टाकलं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी आधी सांगा."

ताप उतरलाय. रागावू नकोस.

तुझी,
धाकटी