डबे बरे करण्याची माझी पद्धत

शनिवार, ४ जून

आजपासून वही. सातवीनंतर फारसं काही लिहिलं नाही, पण चेकिंगच्या माणसाला लिहावं लागतं, तेव्हा हात वळलेला बरा.

चेकिंगचा माणूस म्हणजे मी. अजून झालो नाही. सोमवारी होईन.

आमच्या गोडाऊनमध्ये दुकानांतून परत आलेली डबाबंद मालाची खोकी येतात. वाटाणा, मका, टोमॅटो, मासे. खोकं फोडायचं, डबा बघायचा, चांगला असेल तर नव्या खोक्यात, वाईट असेल तर ड्रममध्ये. हे काम गेली अठरा वर्षं मावशी स्टुलावर बसून करते. ती कुणाचीच मावशी नाही, सगळ्यांचीच आहे. आता तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर ती ऑफिसात बसणार. स्टूल रिकामं.

महिनाअखेर हंगामी माणसं कमी करणार आहेत. मी हंगामी. स्टूल मिळालं तर इथे राहतो, नाही मिळालं तर गावी. सरळ हिशोब. दादाने सुपरवायझरला सांगितलं की पोरगा हुशार आहे, माझ्या जबाबदारीवर बसवा. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, फोर्कलिफ्ट चालवतो. मी राहतो त्याच्याकडेच, बाहेरच्या खोलीत, वहिनीच्या शिलाई मशीनच्या बाजूला.

सुपरवायझरला आम्ही घड्याळ म्हणतो, कारण तो माणसाआधी मनगटाकडे बघतो. डोकं टरबुजासारखं. पाच दिवस ट्रायल म्हणाला.

मावशीने आज अर्धा तास शिकवलं. फुगलेला डबा ड्रममध्ये. गळका ड्रममध्ये. शिवणीवर, म्हणजे पत्र्याच्या जोडावर, चेपलेला ड्रममध्ये. गंज पुसून गेला तर ठीक, नाही गेला तर ड्रममध्ये. सळीने झाकणावर टक करायचं, आवाज ऐकायचा. शंका आली की टाकून द्यायचा, वाद घालायचा नाही. मध्ये मी पाणी प्यायला गेलो, एका जागी फार वेळ उभं राहवत नाही. आलो तेव्हा झाकण दाबण्याबद्दल काहीतरी सांगून झालं होतं. महत्त्वाचं असतं तर परत सांगितलं असतं.

सोमवार, ६ जून. दुपारी

स्टुलावर बसलो. उंच आहे. सगळं गोडाऊन दिसतं. माझ्यात काहीतरी होतं हे मला आधीपासून वाटायचंच.

आठ ते बारा, नऊ वेळा उठलो. त्यात लघवीसाठी फक्त तीनदा. बाकी पाहणी.

संध्याकाळी

घड्याळ येऊन ड्रममध्ये वाकून बघून गेला. म्हणाला, ड्रम फार लवकर भरतोय. म्हणजे माल वाया जातोय. म्हणजे माझ्याकडून त्याची काहीतरी वेगळी अपेक्षा आहे. मावशीकडून नसेल, माझ्याकडून आहे.

चार वाजता शोध लागला. हातात फुगलेला डबा होता, ड्रमकडे जात होतो, अंगठा उगाच झाकणावर दाबला गेला. माझा अंगठा स्वस्थ बसत नाही, आईने लहानपणी त्यावर कडुनिंब चोळला होता. तर झाकण टक्कन आत गेलं. आणि आतच राहिलं. डबा सपाट. नव्यासारखा.

अठरा वर्षांत हे कुणाला सुचलं नाही. मावशी साधी बाई आहे, तिला दोष नाही.

आज बरे केले: ६.

मंगळवार, ७ जून

पद्धत पक्की केली. वरून दाबलं की कधी कधी खालचं झाकण बाहेर येतं. मग खालून दाबायचं. मग वरून. काही डबे हट्टी असतात. त्यांच्यावर टोमॅटोचं भरलेलं खोकं पंधरा मिनिटं ठेवलं की नरम पडतात. माणसांचंही असंच असतं.

भिंतीवर एक चार्ट आहे, खराब डबे कसे ओळखावे असा. बारीक अक्षरं. चित्रं बघून घेतली, चित्रात फुगलेल्या डब्यावर लाल फुली आहे. बरोबरच आहे. म्हणूनच मी तो फुगलेला ठेवत नाही.

वाटाण्याचा एक बरा केलेला डबा घरी नेला. वहिनीने विचारलं कुठून आणला. म्हटलं, कामावरचा आहे, आता मला मिळू शकतात. तिने डबा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बरं म्हणाली. रात्री वाटाण्याची भाजी. मी तीन वेळा घेतली. दादाने दोनदा.

आज बरे केले: ११. घरी नेलेला यात धरलेला नाही, मी हिशोबाला चोख आहे.

बुधवार, ८ जून. सकाळी

तिघेही जिवंत आहोत. दादा रात्रभर घोरत होता, म्हणजे तब्येत उत्तम. पद्धतीला याहून मोठा पुरावा डॉक्टरसुद्धा देणार नाही.

संध्याकाळी

घड्याळाने ड्रममध्ये बघितलं. तळाला चार डबे. मनगटाकडे न बघता मला म्हणाला, वा.

एक डबा उघडून वास घेतला. कसलाही वास नाही. ज्याला वास नाही त्यात काय वाईट असणार.

आईचा फोन आला. मी स्टुलावर बसतो हे तिला सांगितलं. ती म्हणाली, तू आणि बसतोस? मग विचारलं, नेमकं करतोस काय. म्हटलं, डब्यांचा डॉक्टर समज. आईने शेजारच्या काकूंना लगेच हाक मारून सांगितलं, फोन चालू ठेवूनच.

मक्याचा डबा घरी नेला. मक्याचं सूप. चव अशी की फुगलेला डबा मुद्दाम शोधून खावा.

आज बरे केले: ९. घरचा वेगळा.

ठराव: १. परमनंट झाल्यावर ही पद्धत सगळ्यांना शिकवायची. २. मावशीला सगळ्यात आधी. ३. जेवताना उठायचं नाही.

गुरुवार, ९ जून. रात्रीच्या जेवणाआधी

अक्षर वाकडं आलंय. धावत आलो त्यामुळे.

दुपारपर्यंत सतरा केले, रेकॉर्ड. तीन वाजता मावशी रजेचे कागद द्यायला काठी टेकत आली. ऑपरेशन शनिवारी आहे. स्टुलावर बसू का म्हणाली, सवय म्हणून. मी भरलेल्या खोक्यातला एक डबा उचलून तिने सळीने टक केलं. आवाज भद्द आला. मग तिने वरच्या झाकणावर अंगठा ठेवला. खालचं झाकण बाहेर.

हा कुणी दाबला, तिने विचारलं. मला वाटलं वेळ आली. म्हटलं, मी. बरा केला. पद्धत पूर्ण सांगितली, टोमॅटोच्या खोक्यासकट.

मावशीने सळी खाली ठेवली. मग म्हणाली, "अरे, डबा बरा होत नसतो. आत जंतू वाढतात, त्यांचा वायू झाकण ढकलतो. तू वायूला दाबलंस. जंतू आहेत तिथेच आहेत, वर आता ओळखूसुद्धा येत नाहीत."

म्हटलं, मी वास घेतला होता.

"आणि चव?"

चव घेतली असं मी अभिमानाने सांगणार होतो.

ती म्हणाली, "सगळ्यात वाईट जे असतं ना, त्याला वास नसतो, चव नसते, रंग नसतो. डोळ्यांना दोन दोन दिसायला लागतं, जीभ जड होते, मग श्वास. फुगलेला डबा उघडायचा पण नसतो. हे मी शनिवारी सांगितलं. तू कुठे होतास?"

पाणी पीत होतो.

असे किती केलेस, तिने विचारलं. दोन-तीन, मी म्हटलं. तिला डॉक्टरकडे जायचं होतं. जाताना म्हणाली, सुपरवायझरला आत्ता सांग, मी भरलेला सगळा माल अडवून ठेवा म्हणावं. सांगतो म्हटलं.

सांगणारच होतो. पण आधी घर आठवलं. काल मक्यासोबत आणलेला माशांचा डबा सकाळी निघताना ओट्यावर ठेवून आलो होतो. म्हटलं होतं, वहिनी, आज हा.

दीड मैल धावलो. जिन्यात डोळ्यांना दोन दोन पायऱ्या दिसत होत्या, पण ती धाप असावी. दारातच ओरडलो, डबा उघडू नको. वहिनी मशीनवर होती. डबा? तो सकाळीच फेकला, ती म्हणाली.

मी विचारलं, का.

"तू गेलास आणि तो ओट्यावर आपोआप टक् करून परत फुगला. फुगलेलं डबडं कोण खातं रे? दोन पिशव्यांत गुंडाळून टाकला, मांजराच्या तोंडी नको म्हणून. ओटा पण धुतला."

मग वाटाणा, मी विचारलं. आणि मका.

वाटाणा फ्रीजरमधला होता. मका बाजारातून आणलेली कणसं होती. माझे डबे ती तिन्ही दिवस फेकतच होती. मला इतका आनंद झाला होता म्हणून बोलली नाही म्हणे.

मी जमिनीवर बसलो. बराच वेळ बसलो. उठावंसं वाटलं नाही.

नंतर

शांतपणे विचार केला. घरात कुणी काही खाल्लेलं नाही. म्हणजे तसं काही झालेलंच नाही. उद्या ट्रायलचा शेवटचा दिवस. परवापासून फुगलेला प्रत्येक डबा ड्रममध्ये टाकायचा. चूक सुधारली की संपलं. मावशीचं ऑपरेशन आहे, तिच्या डोक्याला ताप कशाला.

वहिनीने ताट वाढताना विचारलं, गोडाऊनमधले डबे कुणाच्या घरी जाणार आहेत.

मी म्हटलं, माहीत नाही.

ती म्हणाली, तेच म्हणते.

आज बरे केले: १७. शब्द बदलायला पाहिजे, सुचत नाही.

शुक्रवार, १० जून

मी स्वतःहूनच सांगणार होतो. वहिनीने सकाळी दादाला सांगितलं नसतं तरी.

ट्रक बाराला निघणार होता. माझी खोकी त्यात चढत होती. मी घड्याळाला सांगितलं. त्याला आधी कळेना, कारण मी टोमॅटोच्या खोक्यापासून सुरुवात केली. दादाने फोर्कलिफ्ट ट्रकच्या मागे आडवी लावली, किल्ली काढली, खाली उतरला आणि पहिलं खोकं फोडलं.

घड्याळाने विचारलं, एकूण किती. म्हटलं, एकेचाळीस, वहीत लिहिलेलं आहे. वही दाखव म्हणाला. मी म्हटलं, मी वाचून दाखवतो. त्याने हात पुढे केला.

त्याने पहिल्या पानापासून वाचली. उभ्यानेच, बोट फिरवत. टरबुजापाशी बोट थांबलं, मग पुढे गेलं. एवढा वेळ त्याने मनगटाकडे एकदाही बघितलं नाही.

आम्ही आठ जण. प्रत्येक डब्यावर सळी, दोन्ही झाकणांवर अंगठा. मी खोकी उचलायला. हे मला येतं. साडेचारला एकेचाळिसावा सापडला. सगळे टेकले, ड्रायव्हरने ट्रक चालू केला.

घड्याळ वही घेऊन आला. "सहा, अकरा, नऊ, सतरा," तो म्हणाला. "त्रेचाळीस होतात."

ड्रायव्हरने ट्रक बंद केला.

उरलेले दोन सहा वाजता सापडले. एकाच खोक्यात, शेजारी शेजारी, सपाट, नव्यासारखे. दादाला सापडले. त्याने ते दोन हातांनी धरून ड्रममध्ये ठेवले, टाकले नाहीत.

शनिवार, ११ जून

महिनाअखेरची यादी लागली. माझं नाव पहिलं आहे. स्टुलावर पॅकिंगमधली बाई बसणार.

घड्याळाने वही परत दिली. दुसरं काही लिहिलेलं नव्हतं, शेवटी फक्त बेरीज नीट करून दिली होती.

दादा कालपासून कामापुरतंच बोलत होता. आज जेवताना विचारलं, परतीचं तिकीट खिडकीजवळचं काढू का.

वहिनी म्हणाली, कडेचं काढा, तो सारखा उठणार.

म्हटलं, कडेचंच काढ.