पोरसाचे हत्ती आतच राहिले

दादा,

तुझा फोन कंपनीच्या गेटवर जमा असतो, म्हणून ही चिठ्ठी दाराला चिकटवून जातेय. दुपारी पुन्हा जमीन हादरली. या वेळी धक्का मोठा होता. तू रंगवायला बसतोस त्या टेबलामागच्या भिंतीला हात आत जाईल एवढी भेग पडलीय. आईला लागलं नाही, पण ती घरात पाऊल टाकायला तयार नाही. तिला घेऊन मी नरपडला मावशीकडे चाललेय.

तुझ्या लढाईच्या खेळातलं सगळं सैन्य जमिनीवर सांडलं होतं. रविवारच्या डावासाठी तू किती दिवस त्या बोटभर माणसांचे डोळे रंगवत बसला होतास, म्हणून मला राहवलं नाही. आईला अंगणात बसवून मी आत गेले. ग्रीकांचे भालेवाले डब्यात भरले, पोरस राजाच्या हत्तींना हात घातला आणि परत हादरलं. वरून कौलं पडायला लागली. आई बाहेरून ओरडत होती, "शितल, बाहेर ये गं!" आणि माझे पायच हलेनात. मी बाहेर कशी आले, मला आठवत नाही.

भालेवाल्यांचा डबा माझ्याजवळ आहे. हत्ती आतच राहिले. तू म्हणशील, दोन मिनिटांत घेऊन येतो. मला माहीत आहे तू म्हणशील. म्हणून कुलूप लावलंय आणि किल्ली सोबत नेतेय. खिडकीतूनही शिरू नकोस. माझ्यावर रागाव, पण नरपडला येऊन रागाव.

शितल