मिस्टरांचं नाव काय?

१२ ऑगस्ट

शून्य! गोदूला शून्य दिलं त्या दीडशहाण्यांनी.

हॉस्पिटलात स्टडी चाललाय म्हणे. स्ट्रोकने गेलेली वाचा कशाने परत येते आणि किती येते, त्याचा. डॉ. शंतनु त्याचा मुख्य. वय पोराचं, ऐट दिवाणाची. त्यात नाव घातलं की बोलायला शिकवणारी मुलगी घरी येते, म्हणून गोदूचं घातलं. नाहीतर मी त्या दारात पाऊल ठेवलं नसतं.

आज पहिली परीक्षा. चित्रं दाखवली — कंगवा, किल्ली, गाय. गोदू प्रत्येकाला म्हणाली, "सरी." जूनमध्ये झटका आला, उजवा हात गेला, आणि तोंडात हा एवढा एकच कानडी शब्द उरला — सरी, म्हणजे 'बरं'. उभा संसार झाला, माझ्या एका तरी बोलण्याला बाई कधी 'सरी' म्हणाली असेल तर शपथ! आता कंगव्याला म्हणते, गायीला म्हणते.

चित्रांचं शून्य कबूल. पण मग विचारलं, "आजी, तुमच्या मिस्टरांचं नाव काय?" गोदूने मान खाली घातली. डाव्या हाताने पदर तोंडाशी नेला. 'सरी'सुद्धा नाही. शंतनुने पुन्हा शून्य लिहिलं.

अरे, धडधाकट होती तेव्हा तरी कधी घेतलंय तिने माझं नाव? अहो, एन्री, ऐकलंत का — आणि फारच राग आला तर भांडं आपटायचं. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं तर शेजारच्या हेमलताला पुढे करायची. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ही काय मेंदूची व्याधी आहे?

सांगितलं त्याला. म्हणतो, "काका, प्रश्न सगळ्यांना सेमच विचारावे लागतात." प्रश्न काढणाऱ्याला त्याची बायको दिवसभर नावाने हाका मारत असणार. त्याला काय कळतंय!

१९ ऑगस्ट

ती मुलगी आली. गौरी. पुण्याची. पायात बूट, पाठीला दप्तर, आणि दर वाक्यात 'ॲक्च्युअली'. हॉस्पिटलापासून आमच्या चामराजपेटात यायला हिला दोन ऑटो बदलावे लागले, त्याचं पुराण आधी. मग गोदूपुढे बसली आणि तिचा हात धरून टेबलावर ठेका धरायला लागली. टक्, टक्. "आजी, पा-णी." गोदू: "सरी." "पा-णी." "सरी." हा तमाशा पाऊण तास.

मी विचारलं, याला शास्त्र म्हणतात? म्हणाली, "ॲक्च्युअली काका, बोलणं अडलं तरी गाण्याची, ठेक्याची वाट पुष्कळदा उघडी असते." उभी हयात विम्याचा सर्व्हेअर होतो मी. होसकोट्याच्या जळक्या गोदामांत उभं राहून शेठ लोकांच्या थापा ऐकल्यात. थाप कशी असते ते मला नाकाने कळतं.

जाताना फ्रिजवर एक कागद चिकटवून गेली. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड — थांबू नका, लगेच या! घर आमचं, फ्रिज आमचा, आणि हुकूम यांचे.

२ सप्टेंबर

सरी, सरी, सरी. डोकं उठलं.

८ सप्टेंबर

रविवार. श्रीहर्ष शहराच्या त्या टोकाहून, हेब्बाळहून आला. चिरंजीव. चौदाव्या मजल्यावर राहतात, तळं दिसतं म्हणे. तळं पाहायला वेळ कुणाला आहे ते विचारू नये.

"अण्णा, नोव्हेंबरमध्ये अम्माची दुसरी परीक्षा आहे. मार्क वाढले तर गौरी येत राहील. नाही वाढले तर तिचं येणं बंद. मग तुम्ही दोघं आमच्याकडे या. बाई ठेवू." म्हणजे त्या चौदाव्या मजल्यावर गोदूने परक्या बाईला दिवसभर 'सरी' म्हणत बसायचं. कोण तिच्याशी बोलणार तिथं? इथं निदान भाजीवाला खिडकीशी थांबतो, हेमलता जाता-येता हाक मारते. बोलण्यावाचून जी बाई घोटभर कॉफी प्यायली नाही, ती मुकी मरायची. ठणकावून सांगितलं — तिची वाचा येणार, आणि याच घरात येणार.

मग विषय बदलला त्याने. "बीपीची गोळी घेताय ना?" घेतो की. आठवण झाली की घेतो. औषधाच्या दुकानदारांची पोरं परदेशात शिकतात ती आमच्याच जिवावर.

२३ सप्टेंबर

पाणी!

म्हणाली. स्वच्छ म्हणाली. गौरीसमोर नाही, माझ्यासमोर, सकाळी. तांब्याकडे बोट केलं आणि "पाणी". मी इतका गडबडलो की ताक दिलं.

गौरीला सांगितलं तर नाचली. मी म्हटलं, उगाच चढून जाऊ नकोस, तहान लागली म्हणून बोलली बाई. मनातून मात्र — असो.

७ ऑक्टोबर

सकाळी कॉफीचा लोटा हातातून सुटला. नवीन साबण आणलाय कामवालीने, भांडी बुळबुळीत होतात. बोलणार आहे तिला.

१५ ऑक्टोबर

आज गौरीने नवीन टूम काढली. "काका, आजींना उखाणा यायचा का? लग्नातला वगैरे? त्याला ठेका असतो आणि त्यात नावही येतं!" म्हटलं, सत्तरीच्या बाईला उखाणा घ्यायला लावणार? बोहल्यावर चढवा ना पुन्हा!

पण आठवला. श्रीहर्षच्या बारशाला घेतलेला; नाव काय ते त्या उखाण्यापुरतंच. सगळ्या बायका हसून लोळल्या होत्या, आणि मी आठ दिवस बोललो नव्हतो तिच्याशी.

"दावणगेरीचं लोणी, बेळगावचा कुंदा,
वादिराजांना चुका काढायचा धंदा!"

गौरी खिदळली. मेली.

मग ठेका. टक्, टक्. गोदूने आधी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. "दा... व... लोणी." "बे... बेळ... कुंदा!" कुंदा चांगला ठसठशीत आला. आणि मग थांबली. गौरीचा ठेका चालू, गोदू गप्प. नावाची जागा रिकामी गेली. पुढे एकदम — "धंदा!"

नाव तेवढं वगळलं. वर गालातल्या गालात हसली.

गौरी म्हणाली, "काका, हा मधला गॅप आजाराचा की लाजेचा, मला खरंच सांगता येत नाही." वा! एवढं शिकून सवरून हे! मला विचार. पण मला तरी कुठे सांगता येतंय? बोलता येत होतं तेव्हा कळायचं, ही घेत नाही. आता घेत नाही की घेता येत नाही? कुणाला ठाऊक.

२९ ऑक्टोबर

कंगवा, गाय, दूध, "नको", "बस्स". आणि हेमलताला पाहून "ये स्वल्प" — जरा ये, पूर्वीसारखं अर्धं मराठी, अर्धं कानडी. हेमलता रडली. बायकांना कारण लागत नाही.

४ नोव्हेंबर

भाजीवाल्याशी घासाघीस करताना जीभ जड झाली. बोलतोय एक, निघतंय एक. तो मेला दात काढायला लागला. ओट्यावर बसलो, पाणी प्यायलो, थोड्या वेळाने झालं सगळं ठीक. उन्हाचं असणार.

आत आलो तर फ्रिजवरचा कागद समोर. थांबू नका म्हणे. मी म्हटलं, तूच थांब गपचूप.

श्रीहर्षला सांगायची गरज नाही. तो लगेच लिफ्टमध्ये घालून वर नेईल.

१८ नोव्हेंबर

दुसरी परीक्षा.

चित्रं — गाय आली, कंगवा आला, किल्लीला "कुलूप" म्हणाली. त्याचे मार्क नाहीत! अहो, ज्या घरात किल्ली आहे तिथे कुलूप असणारच की. पण शंतनुमहाराजांना पटवणार कोण? तरी गौरी माझ्याकडे पाहून मान हलवत होती. काठावर आलंय, एवढं कळत होतं.

मग आला तो प्रश्न. "आजी, मिस्टरांचं नाव काय?"

गोदूने पदर वर नेला. माझ्याने राहवेना. उठलो आणि ओरडलो तिच्यावर, सगळ्यांदेखत. "घे की नाव! एकदा घे! काय पाप लागणार आहे? मी मरायचो नाही त्याने! नाव घेतलंस तर ही पोरगी येत राहील, नाहीतर त्या चौदाव्या मजल्यावर —" शंतनु म्हणाला, "काका, प्लीज, प्रॉम्प्ट करायचं नाही."

गोदूने पाहिलं माझ्याकडे. घाबरून नाही. कुठल्या लोकांत काय बोलावं याला कळत नाही, असं पाहायची ती पूर्वी, तसं. आणि म्हणाली, "सरी."

नाव मात्र घेतलं नाही.

एका मार्काने गेलं. शंतनु म्हणतो, "आय ॲम सॉरी, पण 'नो सिग्निफिकंट चेंज' यात धरावं लागेल." बेंबीच्या देठापासून 'कुंदा' म्हणाली ती बाई, आणि यांना चेंज दिसत नाही!

घरी येऊन मोरीत तोंड धुतलं. रडत होतो, लिहायला काय हरकत आहे? कुणी वाचणार नाही.

२० नोव्हेंबर

गौरी निरोपाला आली. तिला म्हटलं, तुझं ते टक्-टक् काही वाईट नव्हतं. एवढंच म्हटलं. तर पायाच पडली. बूट घालून आत आली होती, आज पहिल्यांदा बोललो नाही.

गोदूने तिच्या डोक्यावर हात ठेवला. उजवा. स्वतःच्या डाव्या हाताने उचलून ठेवला.

२४ नोव्हेंबर

श्रीहर्ष एक तारखेला गाडी आणणार. सामान बांधा म्हणाला. हे पेन टुकार आहे, अक्षर पाय घसरल्यासारखं खाली जातंय. बोटांना मुंग्या.

गोदू सारखी माझ्या हाताकडे बघते आणि "नको, नको" म्हणते. काय नको, विचारलं तर सांगता येत नाही. मग फ्रिजवरच्या त्या कागदापाशी जाऊन उभी राहते. तिलाही त्या पोरीने नादाला लावलंय.

९ डिसेंबर

डाव्या हाताने लिहितोय. हॉस्पिटलातून. लिहिता येतं, बोलता येत नाही. होतं म्हणे असं काहींचं.

सामान बांधताना पडलो. तोंडातून आवाज फुटेना. गोदू खिडकीशी गेली, गज धरला आणि ओरडली. "वादिराज! वादिराज!" एकेरी! हेमलता सांगते, असा आवाज गल्लीने कधी ऐकला नव्हता. भाजीवाला आधी धावला. वेळेत आणलं, म्हणून वाचलो.

गौरीने शंतनुला सांगितलं, आजींनी नाव घेतलं. तो म्हणाला, परीक्षेबाहेरचं धरता येत नाही. गाढव. पण गौरीला घरी पाठवतो म्हणाला. कारण आता स्टडीत मी आहे.

आज माझी पहिली परीक्षा. गोदू समोर बसलेली. "काका, तुमच्या मिसेसचं नाव काय?"

हा काय प्रश्न झाला! जीव एकवटून सांगायला गेलो. तोंडातून आलं, "सरी."

शंतनुने शून्य दिलं. बरोबर दिलं.