आईच्या मशीनचा नंबर

३ फेब्रुवारी

चि. खटपटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. आई ठणठणीत आहे, तंत्र बिघडलंय ते माझं. परवा शेजारच्या शिंपीणबाईंच्या शिलाई मशीनला मी नवी सुई बसवली, ती चक्क उलटी! टाके सुटायला लागले. बाईंनी घरी मुकाट्याने ती सरळ केली, हे मला तुझ्या आईकडून कळलं. त्या तोंडावर बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चाळीस वर्षं मशीनं दुरुस्त करणाऱ्याची ही गत!

डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू काढून घ्या. मी नाही म्हणालो. वय झालं की झालं. महिनाअखेर दुकानच बंद करतो.

एक मात्र सांग. तू प्रयोगशाळेत ते बारीक कृमी पाळतेस ना, तीन आठवड्यांत म्हातारे होणारे? मशीन झिजतं हे ठीक, त्याला कुठे हात आहेत! पण आपलं कापलेलं बोट आपोआप भरून येतं. कारागीर आतच बसलेला असताना जीव म्हातारा होतोच कसा?

लोभ आहेच. तो टिकवायला अधूनमधून तोंड दाखव.

तुझे बाबा


११ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दुकान बंद करणार हे वाचून रडूच आलं. मग तुमचा रागही आला.

तुमच्या प्रश्नावर इथेही वाद आहेत, पण मला पटलेलं उत्तर सांगते. कारागीर आत असतो, पण अन्न आणि ताकद मोजकीच. ती आधी पिलांवर खर्च होते. स्वतःची डागडुजी काम भागण्यापुरती. बाकीचं राहून जातं, साठत जातं. पटत नसेल तर माळ्यावर बघा. आईचं मशीन बारा वर्षं तिथे पडलंय. कारागीर घरातलाच, पण आधी गिऱ्हाइकं, मग आईचा नंबर!

आणि डोळ्यातल्या भिंगाचा गाभा तर जन्माआधीचाच असतो, शरीर तो कधीच बदलत नाही. सत्तर वर्षं एकच पार्ट! एखाद्या गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर तुम्ही त्याला फाडून खाल्लं असतं. बदलून घ्या ना, बाबा. मी रजा टाकून येते.

हवं तेवढं ओरडा, पण माया पातळ करू नका.

तुमची खटपटी


२६ मार्च

चि. खटपटीस,
अ. उ. आ.

तू गेलीस आणि घर सुनं झालं. पण एका डोळ्याने का होईना, लख्ख दिसतंय. मला वजन उचलायची बंदी, म्हणून शेजाऱ्यांकडून आईचं मशीन उतरवून घेतलं. उघडलं तर काय, तेल सुकलेलं आणि सुई उलटी! बारा वर्षांपूर्वी मीच गिऱ्हाइकांच्या घाईत बसवलेली. तेव्हा तर माझी नजर चांगली होती. वयाला उगाच बोल लावत होतो.

आईला विचारलं, तर हसायला लागली. म्हणाली, तिला त्याच दिवशी कळलं होतं आणि सुई तिलाही सरळ करता आली असती. पण त्या निमित्ताने मी घडीभर तिच्याजवळ बसेन, म्हणून तशीच राहू दिली. मी काही बसलो नाही.

सुई फिरवली. दोरा पहिल्याच झटक्यात ओवला.

दुसऱ्या डोळ्याचं गुरुवारी आहे. दुकान चालूच ठेवतोय. फक्त दुपारी दोन तास कुलूप असतं. दारावर पाटी लावली आहे: घरचं काम चालू आहे.

आई मशीनवरून उठायला तयार नाही, तेव्हा दोघांचे आशीर्वाद मीच लिहितो.

तुझे बाबा