शशीकाकूंच्या नावावर

क्रॉयडन,
२४ फेब्रुवारी

प्रिय धम्मशीला,

चौदा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट बाजूला ठेवशील. तरी आज ना उद्या उघडशील, या आशेवर लिहितेय.

गेल्या आठवड्यात तनूकडून परतले. माझी लेक आता अमेरिकेत, दक्षिणेकडच्या एका लहान गावात शिकवते. तिथल्या एका जुन्या दुकानात खाण्याचा काउंटर होता, फक्त गोऱ्यांसाठी. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी सहा काळ्या विद्यार्थिनी तिथल्या स्टुलांवर जाऊन बसल्या आणि त्यांनी कॉफी मागितली. मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत त्या उठल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. दर फेब्रुवारीत गाव त्या काउंटरपाशी तासभर गप्प बसून त्यांची आठवण करतं. तनूने मलाही एका स्टुलावर बसवलं. मला आपले हॉस्पिटलचे पहिले दिवस आठवले. तू लॅबमध्ये, मी भूलतज्ज्ञ. इथल्या गोऱ्या सिस्टर आपली नावं उलटसुलट करायच्या आणि आपण कॅन्टीनमध्ये हसायचो. मी त्या मुलींच्याच बाजूची आहे, असं मला अगदी सहज वाटत होतं.

मग नव्वदीची एक गोरी बाई काठी टेकत उभी राहिली. त्या दिवशी काउंटरच्या आत तीच होती. ती म्हणाली, मालकाने मनाई केली असं मी आयुष्यभर सांगत आले. पण मुली आल्या तेव्हा मालक दुकानात नव्हताच. नकार माझा होता. तिच्याकडे मला बघवेना. तनूने विचारलं, आई, बरं वाटत नाहीये का? मी जेट लॅग म्हणाले.

चौदा वर्षांपूर्वीचा आपल्या महाराष्ट्र मंडळाचा महाराष्ट्र दिन आठवतो ना? चर्च हॉलच्या कार पार्कमध्ये तू गाडीची डिकी उघडलीस, आत भरल्या वांग्यांचं मोठं पातेलं होतं. स्वयंपाकाची जबाबदारी माझ्याकडे होती. मी हळूच म्हणाले, शशीकाकूंना तुझ्या हातचं चालणार नाही, त्या मंडळात सगळ्यांत मोठ्या आहेत, आज तू दारात येणाऱ्यांची नावं लिहून घे. तू फक्त बरं म्हणालीस. चार तास दारात बसलीस, काही न खाता पातेलं घेऊन गेलीस, आणि पुन्हा आली नाहीस.

धम्मशीला, शशीकाकू काही बोलल्या नव्हत्या. कुणीच बोललं नव्हतं. तुझ्या घरी दरवेळी मी जेवून आलेय म्हणायचे, तेही खोटं होतं. नकार माझा होता. त्यांचं वय पाहून कुणी विचारणार नाही म्हणून मी त्यांचं नाव पुढे केलं. तुझ्या बाळंतपणात दीड महिना तुझ्याकडे राहिलेल्या बाईचं नाव. त्या दिवशी पंगतीत त्यांनीच विचारलं, धम्मशीलाची वांगी कुठेत? मी म्हणाले, तिला जमलं नाही.

काकू आता एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत, वेम्बलीच्या केअर होममध्ये. डॉक्टर म्हणतात, फार तर महिनाभर. परवा जाऊन त्यांना सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, पोरीला वाटलं असेल मी तशी आहे. तू मला माफ करू नकोस, मला भेटूही नकोस, पण त्यांना एकदा भेट. केअर होमचा पत्ता पत्रामागे लिहिलाय. रविवारी दुपारी त्या जाग्या असतात.

तुझीच म्हणायला धजावत नाही,
अनुराधा